घाट चढून आल्यावर जुन्या जीपचा ब्रेक का बसतो? आधी सायलेन्सरचा पाईप बघा

बेळगाव : सावंतवाडीहून आंबोली घाट चढून जुनी जीप वर येते, चहाला थांबते. वीस मिनिटांनी निघताना पेडल दाबलं तर ते थेट खाली जातं. चार-पाच वेळा पंप मारल्यावर थोडं वर येतं, आणि बेळगावला पोहोचेपर्यंत ब्रेक पुन्हा ठणठणीत. दुसऱ्या दिवशी मिस्त्री बघतो, त्याला काही सापडत नाही. मग हवा काढली जाते, लायनर बदलले जातात, आणि पुढच्या घाटात तेच.

सीमाभागात, बेळगाव-खानापूरपासून निपाणी-चंदगडपर्यंत, जुन्या विलीज आणि महिंद्रा जीपा अजून बऱ्याच जणांनी जिवापाड जपल्या आहेत. या जीपचा मास्टर सिलिंडर आजच्या गाड्यांसारखा बॉनेटखाली नसतो. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, चॅसिसला असतो. मूळ रचनेत सायलेन्सरचा पाईप कुठून न्यायचा हे ठरलेलं होतं. पण पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं की पाईप जागा मिळेल तिथून वळवून वेल्डिंग केला जातो. तो मास्टर सिलिंडरला किंवा ब्रेकच्या नळीला खेटून गेला की दुखण्याला सुरुवात होते.

घाट चढताना इंजिनवर पूर्ण लोड असतो, आणि मॅनिफोल्डजवळ पाईपचं तापमान सहज ३०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. गाडी चालू असेपर्यंत खालून वारा लागतो. थांबली की वारा बंद, पण पाईप तापलेलाच, आणि ती धग सिलिंडरमध्ये उतरत राहते. म्हणून ब्रेक चढताना जात नाही, चहा पिऊन झाल्यावर जातो. याउलट चोर्ला उतरताना, पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नसेल, तर दोष लायनर तापल्याचा. तिथे सायलेन्सरचा संबंध नाही. मिस्त्रीला हा फरक नीट सांगितला तर अर्धं काम होतं.

आतमध्ये ब्रेक ऑईल उकळतं. त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ पडतं. नवं डॉट-३ ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट-४ २३० पर्यंत. पण हे ऑईल हवेतली ओल ओढून घेतं. ओल धरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ च्या आसपास येतात. आपल्याकडचा पावसाळा बघता दोन वर्षांत एकदा तरी, आणि शक्यतो पावसाळा सरल्यावर, सगळं ऑईल बदलावं. गॅरेजच्या फळीवर अर्धा उघडा पडलेला डबा वापरू नये. डॉट-३ च्या जागी डॉट-४ चालतं. सिलिकॉनचं डॉट-५ मात्र त्यात मिसळू नये. इंजिन ऑईल तर अजिबात नको, रबरं फुगतात.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे पेडलचं ढिलेपण. साधारण अर्धा इंच मोकळी चाल हवी. ती नसेल तर सिलिंडरमधलं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, तापून फुगलेलं ऑईल परत जाऊ शकत नाही आणि ब्रेक आपोआप लागत जातो. चाकं तापली, गाडी ओढेना, तर आधी हे बघा.

खरा इलाज पाईप दूर वळवणं हाच. ते जमत नसेल तर मधे पत्रा लावावा. एक-दीड मिलिमीटर जाडीचा चकचकीत अॅल्युमिनियमचा पत्रा पुरतो, उद्यमबागेत कुठलाही फॅब्रिकेटर वाकवून देईल. तो चॅसिसला बोल्ट करावा. पाईपला किंवा ब्रेकच्या नळीला नाही. पाईपपासून साधारण एक इंच आणि सिलिंडरपासून अर्धा इंच अंतर राहू द्या. धग अडवण्याचं निम्मं काम या मधल्या हवेचं असतं. पत्रा पाईपला चिकटवला तर तोच तापून बसतो. इंजिन हलतं, तेव्हा पाईपही हलतो हे धरून जागा ठेवा. ऑईल भरायचं झाकण पत्र्याआड जाऊ नये. मॅनिफोल्डची गॅस्केट फुटून गरम वायू थेट नळीवर मारत असेल तर पत्र्याआधी गॅस्केट बदला.

पाईपला पट्टी गुंडाळायची फॅशन आली आहे. आंबोलीसारख्या पावसात ती पाणी धरते आणि आतून पाईप कुजतो. जुने मिस्त्री अॅस्बेस्टॉसची दोरी सुचवतात. ती घेऊ नका, तिची धूळ फुफ्फुसाला घातक असते. ब्रेकची नळी बदलायची वेळ आली तर साध्या तांब्याची नको. कंपनाने तांबं कडक होऊन तडकतं. स्टीलची घ्या.

रस्त्यातच ब्रेक बसला तर पंप मारत पुढे जाऊ नका. जुन्या जीपला एकच सर्किट असतं, म्हणजे गेला तर चारही चाकांचा जातो. बॉनेट उघडून तासभर थांबा. तापलेल्या पाईपवर पाणी ओतू नका. सिलिंडरच्या झाकणाला बारीक भोक असतं, पाणी आत जातं. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो आणि त्याला ऑईल लागत नाही. तो लागतो का हे निघण्यापूर्वी बघा, मगच खालच्या गिअरमध्ये सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत न्या. एकदा उकळलेलं ऑईल तिथे पूर्ण काढून टाकायला सांगा, नुसती हवा काढून भागत नाही.