मिरगाच्या दिवशी, शेणोलीजवळ

शेणोलीच्या शिवारात रुळांच्या कडेला उभे राहा. कऱ्हाड मागे पडलंय, पुढे भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी. सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा सुरू व्हायच्या बेताला आहे. तारीख ७ जून. इथल्या शेतकऱ्याला या तारखेसाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. ७ जून म्हणजे मिरग. नांगरट झालेली, कुळवाच्या पाळ्या पडलेल्या, बियाणं घरात येऊन पडलेलं, आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडे. आधी वळवाची एखादी सर येऊन गेली असेल, तर बांधाच्या कडेला लाल मखमली मृगाचा किडा चालताना दिसेल. त्याला बोटाने हळूच शिवा. तो पाय पोटाशी घेऊन गोळा होतो आणि थोडा दम धरलात तर पुन्हा आपल्या वाटेने चालू लागतो.

आता जागा हीच ठेवा, तारीखही हीच. फक्त वर्षं मागे सारा.

१४९४पर्यंत गेलात तर मिरगच जागेवर सापडत नाही. सूर्य मृग नक्षत्रात जाण्याची वेळ इंग्रजी तारखांच्या मानाने साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी मृग आजच्यापेक्षा आठवडाभर अगोदर लागायचा. त्या वर्षी ७ जूनला दूर तोर्देसियास गावात स्पेन आणि पोर्तुगाल यांनी एका तहावर सह्या केल्या. केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगांवर एक रेघ कल्पिली. तिच्या पलीकडचं स्पेनचं, अलीकडचं पोर्तुगालचं. कृष्णाकाठी कुणाला याचा पत्ता नाही. चार वर्षांनी वास्को द गामा कालिकतला उतरला आणि सोळा वर्षांनी गोवा गेलं.

तिथे रेंगाळू नका. १८९३ला चला, आणि यावेळी शेणोलीही सोडा. दक्षिण आफ्रिकेतलं पीटरमॅरित्झबर्ग. आपल्याकडे मृग, तिथे ऐन हिवाळा, आणि गाव उंचावर. रात्रीचे नऊच्या सुमाराला डर्बनहून आलेली गाडी थांबते. पहिल्या वर्गाच्या डब्यात तेवीस वर्षांचा एक वकील बसलाय. दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यासाठी तो प्रिटोरियाला निघालाय. रेल्वेचा नोकर अंथरूण हवं का म्हणून विचारून जातो. माझं मी आणलंय, असं वकील सांगतो. मग एक गोरा प्रवासी येतो, याला खालपासून वरपर्यंत न्याहाळतो, बाहेर पडतो आणि अंमलदारांना घेऊन परततो. शेवटच्या डब्यात जा, असा हुकूम होतो. तिकीट पहिल्या वर्गाचं आहे, मी आपणहून उतरणार नाही, असं वकील म्हणतो. शिपाई येतो, हाताला धरून त्याला फलाटावर ढकलतो, सामान बाहेर पडतं आणि गाडी निघून जाते.

तुम्ही त्याच्या मागोमाग प्रतीक्षागृहात जा. खोलीत दिवा नाही. हाडं गोठवणारी थंडी आहे. त्याचा ओव्हरकोट सामानात आहे आणि सामान रेल्वेवाल्यांच्या ताब्यात. कोट मागावा तर पुन्हा अपमान होईल, म्हणून तो मागत नाही, कुडकुडत बसतो. मध्यरात्रीच्या सुमाराला कुणी प्रवासी येतो, त्याला बहुधा बोलायचं असतं. गांधी बोलण्याच्या मनःस्थितीत नाहीत. या रात्रीवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यात फलाटावरच्या ढकलण्याहून न मागितलेला तो कोट जास्त छळतो. आपलाच कोट, चार पावलांवर, आणि तो मागायची चोरी!

आता शेणोलीला परत या. साल १९४३. मॅरित्झबर्गच्या त्या रात्रीला आज बरोबर पन्नास वर्षं झाली. सांगली जिल्हा अजून जन्मलेला नाही. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडतात. पुणे-मिरज मार्ग मीटरगेज आहे, इंजिन वाफेचं. बांधाआड दबून बसलेल्या पोरांमध्ये तुम्हीही बसा. ती बहुतेक कुंडल आणि आसपासच्या गावांची आहेत, शेतकऱ्यांची. त्यांचे म्होरके जी. डी. बापू लाड आणि रामचंद्र श्रीपती लाड. दोघेही विशीतले. या दुसऱ्यांना पुढे सगळा मुलूख कॅप्टन भाऊ म्हणून ओळखणार आहे.

ही पोरं इथवर कशी आली, तेही बघा. आदल्या सप्टेंबरात याच भागातली माणसं निःशस्त्र मोर्चे घेऊन तालुका कचेऱ्यांवर गेली होती. ३ तारखेला तासगावच्या कचेरीवर तिरंगा चढला. ९ तारखेला वडूजला मोर्चावर गोळ्या सुटल्या, १० तारखेला इस्लामपूरला सुटल्या. माणसं मेली. मग कार्यकर्ते भूमिगत झाले आणि येडे मच्छिंद्रच्या नाना पाटलांना पुढे ठेवून प्रतिसरकार उभं राहिलं. लोकांच्या तोंडी त्याचं नाव पत्री सरकार. तुफान सेना ही त्याची लढणारी फळी. कुंडल त्यांना सोयीचं पडलं, कारण ते औंध संस्थानात होतं. याच संस्थानाने १९३९ साली गांधींच्या सल्ल्याने घटना करून रयतेच्या हाती कारभार दिला होता.

गाडी येतेय. रुळांवर दगडांचा ढीग आहे. गाडी थांबते न थांबते तोच दुसरी तुकडी शेवटच्या डब्यामागे दगड रचते, म्हणजे तिला मागेही हटता येऊ नये. पोरांकडे बंदूक नाही. विळे आहेत, काठ्या आहेत, दोन-तीन गावठी बॉम्ब आहेत. बंदूक आहे ती गार्डाकडे, आणि त्याला आवरलं जातं. त्यांना हवी आहे ती सरकारी नोकरांच्या पगाराची रोकड. ती हाती लागते आणि माणसं शिवारात पांगतात.

आपण गाडी लुटली, हे कॅप्टन भाऊंनी म्हातारपणीही कधी मान्य केलं नाही. इंग्रजांनी इथल्या लोकांकडून नेलेला पैसा आम्ही परत आणला, एवढंच ते सांगत. मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्यांच्या सारापट्टीवर सरकार चाललं होतं, त्यांच्यातलीच ही पोरं होती. आजची तारीख त्यांनी मॅरित्झबर्ग डोक्यात ठेवून निवडली असेल, असं मला वाटत नाही. गांधींना हा मार्ग रुचणाराही नव्हता. १९४४ला तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना उघडपणे बाहेर यायला सांगितलं, साताऱ्याच्या लोकांनी ते ऐकलं नाही. पण हीच मंडळी गावोगाव न्यायनिवाडे करत होती आणि हुंडा-मानपान टाळून थोडक्या खर्चात लग्नं लावत होती, त्या लग्नांना लोक गांधीविवाहच म्हणत. मतभेद होता आणि माणूस आपला होता, दोन्ही एकाच वेळी.

पुढे येताना १९७५ला लॉर्ड्सवर क्षणभर डोकावून जा. पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस, ७ जूनच. इंग्लंडच्या ३३४ धावा झाल्यात आणि सुनील गावसकर साठ षटकं खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६वर उभे आहेत. का, ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही.

आणि मग २०१७. शेणोलीला रुळांजवळच्या स्मारकापाशी माणसं जमली आहेत. प्रतिसरकारातल्या सैनिकांची मुलं-नातवंडं, आणि हयात असलेले मोजके सैनिक. कॅप्टन भाऊ आहेत, वय चौऱ्याण्णव. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई आहेत, एक्याण्णव वर्षांच्या. तुफान सेनेच्या कामात त्या स्वतः होत्या. त्यांच्या सत्काराला आलेला पाहुणा बघा: गोपाळकृष्ण गांधी, मॅरित्झबर्गच्या फलाटावर ढकललेल्या त्या वकिलाचा नातू.

कॅप्टन भाऊंचं समाधान मात्र झालेलं नव्हतं. स्वातंत्र्य मिळवलं याचा त्यांना अभिमान होता, पण सामान्य माणसाचं राज्य आलं नाही, ज्याच्या हाती पैसा त्याचंच चालतं, असं ते म्हणत. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१८मध्ये, देशभरचे शेतकरी दिल्लीला निघाले, तेव्हा शहाण्णव वर्षांच्या या माणसाने त्यांना पाठिंब्याचा निरोप धाडला. हौसाबाईंनीही धाडला. शेतकऱ्यांची मागणी होती की, शेतीच्या प्रश्नांसाठी संसदेने खास अधिवेशन भरवावं.