रॉबिन : श्रोता ते फिर्यादी

बॅटमॅनच्या अमेरिकी चित्रकथेत रॉबिन १९४० च्या एप्रिलमध्ये अवतरला. एकाकी नायकाने बोलायचे कोणाशी, ही लेखक बिल फिंगर यांची अडचण होती. सर्कशीत झुल्यावर कसरती करणाऱ्या दांपत्याच्या अनाथ मुलाने, डिक ग्रेसनने, ती सोडवली. हा श्रोता पुढे मोठा झाला. १९६९ मध्ये महाविद्यालयात गेला आणि १९८४ मध्ये ‘नाइटविंग’ या नावाने स्वतंत्र झाला.

त्याच्या जागी आलेला जेसन टॉड अनेक वाचकांना रुचला नाही. १९८८ मध्ये प्रकाशकांनी त्याचे जगणे-मरणे वाचकांच्या दूरध्वनी-कौलावर सोपविले. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ मते पडली, जीवदानाच्या बाजूने ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी मुलगा गेला. आणि प्रत्येक मताला ५० सेंट मोजावे लागत होते! करमणुकीच्या इतिहासात इतका उघडा व्यवहार क्वचितच झाला असेल.

परंतु या मृत्यूनेच सोबत्याला खरे वजन आले. १९८९ मध्ये टिम ड्रेक हा मुलगा आपण होऊन पुढे आला, तो शोकाने बेभान झालेल्या नायकाला आवरण्यासाठी. जेसनही २००५ मध्ये परतला. माझ्या मारेकऱ्याला तुम्ही जिवंत का ठेवलेत, एवढेच त्याला विचारायचे होते.