लाल शाईतला उद्गार

'वॉव सिग्नल'ची गोष्ट बहुधा चुकीच्या टोकाकडून सांगितली जाते. १५ ऑगस्ट १९७७ च्या रात्री आकाशातून कोणीतरी हाक दिली आणि ती एका माणसाने ऐकली, असा तिचा साचा पडून गेला आहे. त्या रात्री प्रत्यक्षात कोणीच काही ऐकले नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या 'बिग इअर' या रेडिओ दुर्बिणीचा कॉम्प्युटर आपला कागदावर आकडे छापत होता, आणि तो गठ्ठा काही दिवसांनी जेरी एहमन यांच्या हाती आला. एहमन तिथे बिनपगारी होते. १९७२ मध्ये दुर्बिणीच्या आकाश-सर्वेक्षणाचे सरकारी अनुदान बंद झाले आणि त्यांची नोकरी गेली; ते दुसरीकडे शिकवू लागले, पण दुर्बिणीचे काम सोडवेना. रिकाम्या पडलेल्या याच दुर्बिणीला १९७३ पासून परग्रहावरील बुद्धिमान जीवांच्या शोधाला जुंपण्यात आले. एका अर्थी, पैसे आटले म्हणूनच हा शोध उभा राहिला.

कागदावर सहा चिन्हे एकाखाली एक होती: ६, ई, क्यू, यू, जे, ५. बाहेरच्याला हा पासवर्ड वाटावा किंवा गूढ संदेश. मुळात ती नुसती तीव्रतेची मापे. आकाशातल्या नेहमीच्या खरखरीच्या किती पट जोर आहे, ते एका चिन्हात बसवायचे म्हणून नऊपर्यंत अंक आणि दहापासून पुढे इंग्रजी अक्षरे. 'यू' म्हणजे सुमारे तीस पट. दुर्बीण स्थिर, पृथ्वीच्या फिरण्याने आकाशच तिच्यासमोरून सरकणारे. दूरच्या ताऱ्यासारखा बिंदू तिच्या टप्प्यातून जायला ७२ सेकंद लागत, आणि तेवढ्यात त्याचा जोर चढून उतरे. सहा चिन्हे, प्रत्येकी १२ सेकंदांची. शिवाय जोर ५० पैकी एकाच चॅनेलमध्ये, तोही हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास, जिथे पृथ्वीवरून प्रक्षेपणाला मनाई आहे. आकडे छापणारा प्रोग्रॅम लिहिण्यात एहमन यांचाही हात होता, त्यामुळे हा आकार त्यांच्या नजरेतून सुटला नाही. त्यांनी लाल पेनाने चिन्हांना वेढा घातला आणि समासात 'वॉव!' लिहिले. तो उद्गार हौशी माणसाचा भाबडेपणा नव्हता; जाणत्या वाचकाने केलेली ती खूण होती.

हवे तेच दिसले, असा आक्षेप घेता येईल. पण सर्वांत अडचणीचा पुरावा 'बिग इअर'च्याच गटाने पुढे ठेवला: दुर्बिणीला दोन संकेतग्राहक होते, तोच बिंदू काही मिनिटांच्या अंतराने दोघांसमोरून जायला हवा होता, आणि संकेत मात्र एकाच ग्राहकात उमटला. त्यांनी तोच पट्टा पुन्हा पुन्हा तपासला, काही मिळाले नाही. रॉबर्ट ग्रे या शिकागोच्या हौशी अभ्यासकाने नव्वदच्या दशकात न्यू मेक्सिकोतल्या बलाढ्य दुर्बिणींवर वेळ मिळवून शोध घेतला, तोही रिकामा. अवकाशातल्या कचऱ्यावरून परतलेला पृथ्वीचाच संकेत असावा, ही शंका खुद्द एहमन यांनीच मांडली होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे काम यंत्राचे. १९९९ मध्ये बर्कलीहून सुरू झालेल्या 'सेटी अॅट होम' या अशाच शोधाच्या प्रकल्पात लाखो लोक सामील झाले, पण त्यांनी दिला तो घरच्या कॉम्प्युटरचा मोकळा वेळ. नजर कोणी मागितलीच नाही. चाळण्याच्या कामात यंत्र सरस हे मान्यच. मात्र काय चाळायचे हे त्याला आधी सांगावे लागते, आणि तसे सांगण्याइतकी ओळख या गठ्ठे वाचणाऱ्यांनी आधीच कमावली होती. 'बिग इअर' १९९८ मध्ये गोल्फच्या मैदानासाठी पाडली गेली. तो कागद ओहायोच्या अभिलेखागारात जपून ठेवला आहे.