‘ती नवरी’ की ‘तीन वरी’? एका मराठीच्या प्राध्यापकाची आणि कुलूपबंद पोथ्यांची गोष्ट

‘तीनवरीआली’. हे वाचून दाखवा. ‘ती नवरी आली’ की ‘तीन वरी आली’? जुन्या मराठीत ‘वरी’ म्हणजे ‘वर’. दोन्ही वाचने व्याकरणाला मान्य आहेत. उदाहरण रचलेले आहे, पण अडचण खरी आहे. जुन्या पोथ्यांत शब्द सुटे लिहीत नसत. ओळ अखंड चाले आणि शब्द कोठे तोडायचा हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

या कोड्यांत ज्यांनी आयुष्य घातले ते डॉ. विष्णु भिकाजी कोलते २२ जून १९०८ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर तालुक्यात, नरवेल येथे जन्मले. पेशाने मराठीचे प्राध्यापक. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू, १९६७ च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पदांची यादी एवढ्यावर थांबवू. त्यांचे खरे काम महानुभाव वाङ्मयात आहे.

त्यासाठी तेराव्या शतकातील एका वेगळ्या शाळेत डोकावले पाहिजे. या शाळेला भिंती नव्हत्या. गुरू श्रीचक्रधर मूळचे गुजरातचे, म्हणजे मराठी ही त्यांची शिकलेली भाषा. तरीही त्यांनी निरूपण केले ते मराठीतच. त्यांच्या भ्रमंतीत मेहकर आणि लोणारही येतात. दोन्ही गावे आजच्या बुलढाणा जिल्ह्यात आहेत. शिष्यांत महदाइसा होती. प्रश्न विचारून गुरूला बोलते करण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. वर्गातील अशी एक विद्यार्थिनी पाठ्यपुस्तकाहून अधिक शिकवून जाते.

चक्रधरांनंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. केशिराजबास हे संस्कृतचे गाढे पंडित. त्यांनी संस्कृतातून प्रश्न केला, तेव्हा आचार्यांनी सांगितले की आपल्याला स्वामींनी शिकवले ते मराठीत, म्हणून विचारायचे तेही मराठीतच विचारावे. केशिराजबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले, तेव्हाही आचार्यांनी त्यांना थांबवले. कारण एवढेच, की पंथातील म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकतील. स्मृतिस्थळ या ग्रंथात ही हकिकत आहे. भाषा कोणती निवडावी याचा निकाल येथे वर्गातील सर्वांत मागे बसणाऱ्यांकडे पाहून लागला!

आणि मग इतिहासाने विचित्र वळण घेतले. म्हाताऱ्यांनाही कळावे म्हणून मराठीत ठेवलेले हेच वाङ्मय पुढे पंथाने सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ती ‘सकळ लिपी’. शाळकरी मुले ‘च’च्या भाषेत ‘मला’चे ‘चलाम’ करतात. तत्त्व त्याच जातीचे. एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर लिहायचे. समजा, ‘क’च्या जागी ‘म’ आणि ‘म’च्या जागी ‘क’ असा नियम केला, तर ‘कमळ’ लिहिताना ‘मकळ’ होईल. (खरी किल्ली याहून बरीच मोठी आहे.) हेतू पोथी अपात्र हातांपासून जपण्याचा. परिणाम मात्र असा झाला, की कित्येक शतके बाहेरच्या मराठी वाचकाला हे गद्य वाचताच येईना, आणि न वाचलेल्या ग्रंथांविषयी गैरसमज तेवढे वाढले.

विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदींच्या प्रयत्नांनी हे कुलूप उघडले. पण लिपी उलगडली म्हणजे ग्रंथ उलगडला असे नाही. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी साक्षीदारांना विचारून विचारून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. परंपरा सांगते की ती मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा राहिला. म्हणून त्याचे अनेक पाठ; त्यांतील एक हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. ज्या स्त्रियांसाठी मराठी राखली, त्यांच्यापैकीच एकीच्या स्मरणाने मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ राखला, हा योगायोग म्हणावा तरी कसा?

कोलत्यांपुढे ढीग होता तो अशा पाठांचा. दोन पोथ्यांत एका वेलांटीचा फरक, एका काना-मात्रेचा फरक. त्यातून ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत जेवढे अंतर, तेवढे अंतर अर्थात पडते. येथे शब्दांशी खेळण्याची हौस हवी, आणि खेळ कोठे थांबवायचा याचे भानही हवे. सुचलेला चमकदार अर्थ पोथीवर लादण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. त्यावर उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे: तोच शब्द इतरत्र कोठे आला ते पाहणे, पुन्हा पुन्हा. मास्तराने वहीतील चूक शोधावी तसे.

‘शिशुपालवध’, ‘स्थानपोथी’ आदी ग्रंथ त्यांनी संपादिले. ‘लीळाचरित्रा’ची त्यांची संपादित आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये काढली, तेव्हा ते सत्तरीचे होते. ती बाळबोध अक्षरांत आहे, शब्द सुटे केलेले आहेत. लोणारचा किंवा मेहकरचा शाळकरी मुलगा आज ती उघडून आपल्या गावाचे नाव शोधू शकतो.