संगणकाने लावलेली झुंज

गावसकर मोठा की तेंडुलकर, या एका प्रश्नावर आपल्याकडच्या कट्ट्यांवर कितीतरी संध्याकाळी खर्ची पडल्या आहेत. दोघांचा काळ वेगळा, समोरचे गोलंदाज वेगळे. पण वाद काही मिटत नाही. क्रिकेटमध्ये निदान धावांचा हिशेब तरी मांडता येतो. मुष्टियुद्धात तीही सोय नाही. तिथे दोन माणसं समोरासमोर उभी राहतात आणि निकाल लागतो. मग जे कधी समोरासमोर आलेच नाहीत, त्यांच्यात श्रेष्ठ कोण हे ठरवायचं कसं?

अमेरिकेत एका माणसाने हा प्रश्न चक्क संगणकाला विचारला होता. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

मायामीचा मरे वोरोनर हा रेडिओ कार्यक्रमांचा निर्माता. १९६७ मध्ये त्याने एक अफलातून कल्पना काढली. सर्व काळांतले सोळा हेवीवेट योद्धे निवडायचे, जाणकारांना विचारून प्रत्येकाचा वेग, ठोशाची ताकद, मार सोसण्याची क्षमता यांना आकडे द्यायचे आणि ते संगणकात भरायचे. जो निकाल बाहेर येईल, त्यावरून लढतीचं धावतं वर्णन रेडिओवर ऐकवायचं. ना रिंगण, ना ठोसे. तरी लोक कान देऊन ऐकत. अंतिम फेरीत रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीला तेराव्या फेरीत नॉकआउट केलं. आणि महंमद अली? तो त्याआधीच जिम जेफ्रीजकडून हरून बाहेर पडला होता.

अली भडकला. त्याने दहा लाख डॉलर्सचा बदनामीचा दावा ठोकला. त्याच्या रागामागे नुसता अहंकार होता, असं समजू नका. त्यासाठी आपल्याला आणखी मागे, १९१० मध्ये जावं लागेल.

१९०८ साली सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून जॅक जॉन्सन हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. गोऱ्या अमेरिकेला ते सहन होईना. 'कुणीतरी याला धडा शिकवा' अशी हाकाटी सुरू झाली आणि निवृत्त होऊन शेतीत रमलेल्या जिम जेफ्रीजला पुन्हा रिंगणात ओढून आणलं गेलं. ४ जुलै १९१० रोजी रिनो शहरात लढत झाली. पंधराव्या फेरीत जॉन्सनने जेफ्रीजला संपवलं. त्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली उसळल्या, माणसं मेली. पुढे १९१२ मध्ये मुष्टियुद्धाच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर कायद्याने बंदी आली.

आता पाहा. अली स्वतःला जॉन्सनचा वारस मानत असे. व्हिएतनाम युद्धासाठी लष्करात भरती व्हायला त्याने २८ एप्रिल १९६७ रोजी नकार दिला. त्याचं विजेतेपद काढून घेण्यात आलं, लढायचा परवाना गेला. वय होतं अवघं पंचवीस. खऱ्या रिंगणाची दारं बंद झालेली, आणि खोट्या रिंगणात त्याला कुणी हरवलं? तर त्याच जेफ्रीजने, ज्याला जॉन्सनने लोळवलं होतं!

शेवटी तडजोड झाली. वोरोनरने अलीपुढे नवा प्रस्ताव ठेवला: मार्सियानो आणि तू, दोघे प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर या, निकाल संगणक देईल. अलीला पैशाची गरज होती. तो तयार झाला.

१९६९ मध्ये मायामीतल्या एका स्टुडिओत हे दोघे भेटले. मार्सियानो १९५६ मध्ये निवृत्त झाला होता. ४९ लढती, ४९ विजय, त्यांतले ४३ नॉकआउट. एकही पराभव न स्वीकारता निवृत्त झालेला हेवीवेट जगज्जेता. पण आता तो पंचेचाळिशीचा होता. त्याने कित्येक किलो वजन उतरवलं आणि टकलावर केसांचा टोप चढवला. एकेका मिनिटाच्या सत्तरएक फेऱ्या चित्रित झाल्या. डोक्यावरचे ठोसे लुटुपुटूचे, अंगावरचे मात्र बऱ्यापैकी खरे. रक्ताच्या जागी टोमॅटो केचप. शेवट तर अनेक प्रकारे चित्रित केले, म्हणजे कोण जिंकणार हे त्या दोघांनाही कळू नये. या दिवसांत दोघांची चांगली गट्टी जमली, असं सांगतात.

२० जानेवारी १९७० रोजी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत एकाच रात्री ही 'लढत' दाखवली गेली. मार्सियानोने अलीला तेराव्या फेरीत नॉकआउट केलं. मार्सियानोला मात्र हे पाहता आलं नाही. चित्रीकरण संपल्यावर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, तो विमान अपघातात गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा शेहेचाळिसावा वाढदिवस होता. युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकतो, असा शेवट होता. म्हणजे संगणकालाही प्रेक्षक पाहून निकाल बदलता येत होता! तो संगणक अलाबामात बनवला असावा, असा टोमणा अलीने मारल्याचं सांगतात. अलाबामा म्हणजे वर्णभेदासाठी कुप्रसिद्ध असलेलं दक्षिणेतलं राज्य.

गंमत सोडून द्या, पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. डेम्प्सी तेराव्या फेरीत पडला, अलीही तेराव्याच. का बरं? १९५२ मध्ये मार्सियानोने जर्सी जो वॉलकॉटला हरवून विजेतेपद मिळवलं, तेही तेराव्या फेरीत. जाणकारांच्या मनात ती रात्र घट्ट बसलेली होती. संगणकाने भविष्य सांगितलं नाही. त्याला पुरवलेल्या आठवणीच त्याने परत केल्या.

त्या वॉलकॉटच्या लढतीतच आणखी एक धडा आहे. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या हिशेबात वॉलकॉट पुढे होता. लढत पंधरा फेऱ्यांची होती म्हणून मार्सियानोला तेरावी फेरी मिळाली. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा डुक कू किम चौदा फेऱ्यांच्या लढतीनंतर मरण पावला आणि त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती हळूहळू बारा फेऱ्यांवर आल्या. म्हणजे आजच्या नियमात मार्सियानो त्या रात्री हरला असता, आणि ४९-० हा आकडाच जन्माला आला नसता.

नियम बदलले की योद्धाही बदलतो. जॉन्सनच्या काळी लढती पंचेचाळीस फेऱ्यांच्या ठरत. तिथे दम राखून लढणं हीच कला. १९१९ मध्ये डेम्प्सीने जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. पडलेला माणूस उठू लागला की डेम्प्सी शेजारीच उभा असे. तेव्हा ते चालत होतं. १९२७ मध्ये जीन टनीविरुद्ध मात्र त्याला आधी लांबच्या कोपऱ्यात जायला सांगितलं गेलं, त्याने वेळ काढला आणि टनीला सावरायला मोलाचे काही सेकंद मिळाले. वजनाचंही तेच. मार्सियानो पंचाऐंशी किलोच्या आसपास, अली त्याहून दहा किलोने जड आणि पाच इंच उंच. आज मार्सियानो हेवीवेटमध्ये नव्हे, खालच्या क्रूझरवेट गटात बसला असता.

पण माझ्या मते तुलनेतली सगळ्यात मोठी अडचण नियमांची नाही, वजनाचीही नाही. ती आहे न झालेल्या लढतींची. १९१५ मध्ये जॉन्सन हरला, त्यानंतर १९३७ मध्ये जो लुई येईपर्यंत बावीस वर्षं एकाही कृष्णवर्णीय योद्ध्याला हेवीवेट विजेतेपदासाठी लढू दिलं गेलं नाही. सॅम लँगफर्डला कधीच संधी मिळाली नाही. हॅरी विल्स डेम्प्सीच्या दाराशी वर्षानुवर्षं थांबला. मग डेम्प्सीच्या कारकिर्दीचे आकडे पूर्ण कसे मानायचे? अलीचंही तसंच. मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७०, म्हणजे वयाची पंचवीस ते अठ्ठावीस ही ऐन उमेदीची वर्षं तो लढलाच नाही. तो अली किती वेगवान होता, हे कुणालाच कधी कळणार नाही. आणि लुई? १९५१ मध्ये मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत रिंगणाबाहेर ढकललं, तेव्हा लुई सदतीस वर्षांचा होता आणि कराचं कर्ज फेडण्यासाठी लढत होता. त्या विजयानंतर मार्सियानो रडला, असं सांगतात. त्याला ठाऊक होतं की आपण लुईला नाही, त्याच्या वयाला हरवलं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'मोठा कोण' असं विचारलं, तर वाद जरूर घाला. त्यातली मजा काही औरच आहे. फक्त विजयांचे आकडे मोजून थांबू नका. तो कुणाशी लढला, कोणत्या नियमांनी लढला आणि कुणाशी त्याला लढू दिलं नाही, हेही विचारा. संगणकाला १९६७ मध्ये हा शेवटचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)