तीन दिवे, दोन कुळं

रेडिओवर चालणाऱ्या मॉडेलवर दिवे कधी आले? पहिल्याच मॉडेलवर होते! १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या विद्युत प्रदर्शनात निकोला टेस्लानं हौदात बिनतारी चालणारी छोटी नाव सोडली, तिच्यावर विजेचे दिवे होते. प्रेक्षकांनी प्रश्न विचारायचे आणि नावेनं दिवे मिचकावून उत्तरं द्यायची, असा खेळ चाले. ६४चं घनमूळ विचारल्यावर दिवे चारदा लुकलुकले, असं सांगतात. हिशेब अर्थात टेस्लाचा, नावेचा नव्हे.

नावेला हा थाट परवडला, कारण बॅटरीचं ओझं पाणी पेलत होतं. विमानाला ते भाग्य नव्हतं. गव्हाच्या दाण्याएवढे तारेचे बल्ब मिळू लागले, तरी ते वीज खात; त्यांच्यासाठी मोठी बॅटरी घेतली की विमान जड व्हायचं.

आणि विमानाला तर दिव्यांची खरी गरज. जहाजांवरून आलेल्या रिवाजानुसार डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा आणि शेपटीला पांढरा. ही नुसती सजावट नव्हे. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की खाली उभ्या माणसाचे डावे-उजवे उलटतात. तिन्हीसांजेला विमानाची नुसती काळी आकृती दिसते. ते येतंय की जातंय हेच कळत नाही. लाल दिवा आपल्या उजव्या हाताला दिसला, तर विमान अंगावर येतंय.

१९६२ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला. तापणारी तार नाही, काचेचा फुगा नाही, वजन जवळजवळ नाहीच. पण प्रश्न एक-तृतीयांशच सुटला. नंतर हिरवा आला, पण मिणमिणता. पांढरा तर नव्हताच. निळा सापडल्याशिवाय पांढरा होणार नव्हता. निळा जपानमध्ये निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी १९९३ मध्ये लखलखीत करून दाखवला. त्या निळ्याच्याच, गॅलियम नायट्राइडच्या घराण्यातून पुढे झगझगीत हिरवा निघाला आणि १९९६ मध्ये निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन पांढरा. निळ्याबद्दल २०१४ चं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळालं. मॉडेलवाल्यांना तिन्ही दिवे झगझगीत मिळायला होलोन्याकनंतर तीन दशकांहून जास्त थांबावं लागलं.

म्हणजे लाल एका कुळातला, हिरवा-पांढरा दुसऱ्या; हा फरक आजही सर्किटमध्ये डोकं वर काढतो. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. हिरव्या-पांढऱ्याला ३ च्या आसपास. तिन्ही समांतर जोडून एकच रेझिस्टर लावला, तर लालच पेटतो. तो दाब २ व्होल्टवर धरून ठेवतो आणि बाकीचे दोघे उपाशी राहतात. नवशिक्याला वाटतं दिवे खराब निघाले, आणि तो दुकानदाराशी भांडायला जातो. दोष दिव्यांचा नसतो, घराणी वेगळी असतात. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर. एका लिपो (लिथियम-पॉलिमर) सेलवर, ३.७ व्होल्ट धरून, ५ मिलिअँपिअरसाठी लालला ३३० ओहम, हिरव्या-पांढऱ्याला १५० ओहम. अंधारात एवढा उजेड पुरतो.

आता वजन. ०६०३ मापाचा एलईडी १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ रुंद असतो; चिमट्यानं उचलताना श्वास रोखावा लागतो, नाहीतर उडून जातो. त्याचं वजन काही मिलिग्रॅम. खरा भार वायरचा. साधी प्लॅस्टिकची वायर पंखभर फिरवली, तर दिव्यांपेक्षा तीच जड होते. त्यावर तोड म्हणजे वाइंडिंगची इनॅमल तार. ०.१ मिलिमीटर जाडीची मीटरभर तार ग्रॅमच्या दहाव्या हिश्शातही भरत नाही, आणि एवढ्याशा करंटला तिचा रोध जाणवत नाही. काही तारांचं इनॅमल सोल्डरिंगच्या उष्णतेनं जळून जातं, काहींचं ब्लेडनं खरवडावं लागतं. विकत घेतानाच विचारावं. थर्माकोलच्या पंखात ब्लेडनं बारीक चर पाडून तार दाबली की वरून पारदर्शक टेप.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सामान मिळतं. दिवे बसवल्यावर विमानाचा तोल पुन्हा तपासून मगच ते उडवा. शेपटीकडचा एक ग्रॅमही छोट्या विमानाला भारी पडतो.