रिकाम्या आसनाचे विमान

१७ सप्टेंबर २०१९ रोजी सकाळी चित्रदुर्ग जिल्ह्यातील जोडीचिक्केनहळ्ळी या गावच्या शेतात एक विमान कोसळले. भोवती गर्दी जमली, पण विमानात शोधावे असे कोणीच नव्हते. माणूस बसण्यासाठी त्यात जागाच केलेली नव्हती. ते होते ‘रुस्तम-२’ हे टेहळणीचे मानवरहित विमान.

दुसऱ्या दिवशी आमच्या शिक्षकांच्या खोलीत कानडी आणि मराठी, दोन्ही वर्तमानपत्रे हातोहात फिरली. थोडी थट्टाही झाली. नववीच्या इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, पडणारच होतं तर उडवलं कशाला ओ?” वर्ग हसला. मीही हसलो आणि धडा पुढे नेला. इतिहासाच्या शिक्षकाने असे हसून सुटायला नको होते. त्या प्रश्नाने मला पुढे बरेच वाचायला लावले.

डोंगरापलीकडे शत्रूने काय मांडले आहे, हे जाणण्याची निकड सेनापतींना फार जुनी. पूर्वी हेर जात, पुढे विमाने जाऊ लागली. परंतु विमान पाडले गेले की वैमानिकही जाई. म्हणून यंत्राला डोळे द्यावेत आणि माणसाला जमिनीवरच ठेवावे, असा विचार पुढे आला. आपल्याकडे हे काम मुख्यतः बेंगळूरच्या वैमानिकी विकास आस्थापनेने केले. १९५९ साली स्थापन झालेली ही प्रयोगशाळा संरक्षण संशोधन व विकास संस्थेचाच भाग आहे. तिच्या ‘निशांत’ या टेहळणी विमानाचे पहिले उड्डाण १९९५ मध्ये झाले. त्याला चाके नव्हती. गाडीवर बसवलेल्या यंत्राच्या जोराने ते आकाशात फेकले जाई आणि काम आटोपले की हवाई छत्रीने खाली येई. धावपट्टी नको, ही मोठीच सोय होती.

‘रुस्तम’ची कूळकथा वेगळी आहे. हे नाव प्रा. रुस्तम दमानिया यांच्या स्मरणार्थ ठेवले गेले. बेंगळूरच्याच राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात त्यांच्या नेतृत्वाखाली एक हलके प्रायोगिक विमान तयार झाले. लहान पंख पुढे, मोठे मागे, आणि पंखा शेपटाकडून ढकलणारा, अशी त्याची ठेवण होती. अमेरिकी अभियंता बर्ट रूटान यांच्या ‘लाँग-ईझी’ विमानाचा तो वारसा. दमानियांच्या त्या विमानात माणूस बसत असे. २००१ मध्ये ते वारले. पुढे त्याच ठेवणीवरून ‘रुस्तम-१’ घडवले गेले, तेव्हा त्यातून माणूस खाली उतरवला गेला.

नोव्हेंबर २००९ मध्ये होसूरजवळच्या धावपट्टीवरून ‘रुस्तम-१’ पहिल्यांदा उडाले. उड्डाण ठीक झाले. उतरताना मात्र त्याच्या उंचीचा अंदाज चुकला. जमिनीवरून इंजिन बंद करण्याचा आदेश गेला, पुढे ढकलणारा जोर संपला आणि विमान कोसळले. इथे मी वाचता वाचता थांबलो. माणूस विमानातून उतरला होता. माणसाची चूक उतरली नव्हती. आत बसलेल्या वैमानिकाला जमीन जवळ येताना डोळ्यांनी दिसते, अंगाला जाणवते. जमिनीवरच्या चालकाला पडद्यावर जेवढे दिसते तेवढेच ठाऊक. माणसाला वाचवण्याची ही किंमत होती आणि ती पहिल्याच उड्डाणाने वसूल केली. पण दोष कुठे आहे ते कळले. अकरा महिन्यांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये, ‘रुस्तम-१’ होसूरलाच यशस्वीपणे उडाले.

म्हणून पडणे म्हणजे यशाची पायरीच, असे सुभाषित मी सांगणार नाही. ‘निशांत’ची चार विमाने सैन्याने घेतली, नोव्हेंबर २०१५ पर्यंत ती चारही एकेक करून कोसळली आणि सैन्याने पुढची घेण्याचा विचार सोडला. ‘रुस्तम-२’ ला पुढे ‘तपस’ म्हणू लागले. ते नोव्हेंबर २०१६ मध्ये चित्रदुर्गच्या चाचणी क्षेत्रावरून प्रथम उडाले. तीस हजार फूट उंची आणि चोवीस तासांचे उड्डाण ही सैन्याची अपेक्षा होती. तपस अठ्ठावीस हजार फूट आणि अठरा तासांपर्यंत पोहोचले. त्याचे वजन २,८५० किलोंवर गेले होते. २०२४ च्या आरंभी अग्रक्रमाच्या प्रकल्पांतून त्याला वगळल्याचे जाहीर झाले. मधल्या काळात सैन्याने इस्रायलकडून ‘सर्चर’ आणि ‘हेरॉन’ विकत घेतली. सीमेवरच्या जवानाला आजची टेहळणी आजच हवी असते. प्रयोगशाळेची उमेदवारी संपेपर्यंत तो थांबू शकत नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि या इतिहासातला पेच तोच आहे.

मग त्या मुलाला उत्तर काय द्यायचे? उडवले म्हणूनच कळले, एवढे तर खरेच. पण दुसरे अर्धे उत्तर असे, की कळलेले कोणीतरी लिहून ठेवले, तरच पडणे कामाला येते. विमानात माणूस नसला की पडलेल्या विमानावर रडायला कोणी नसते. म्हणूनच त्याचा हिशेब अधिक कसोशीने ठेवावा लागतो.

हे लिहिताना मला माझाच एक निकाल आठवतो. आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एका मुलाने बांबूच्या कामट्या आणि रबराचे विमान आणले होते. परीक्षकांसमोर ते दोनदा टेबलाखाली पडले. “न चालणारे प्रयोग पुढच्या रांगेत नकोत,” असे सांगून मी ते मागे ठेवायला लावले. का पडते, हे मी त्याला विचारले नाही. त्याने वहीत कदाचित लिहिलेही असेल. मी वही पाहिली नाही.

आता प्रदर्शनाच्या सूचनेत मी एक ओळ वाढवली आहे: प्रयोग चालला नाही तरी चालेल, मात्र का चालला नाही याचे एक पान जोडावे. त्या पानाला वेगळे गुण आहेत.